डबा रिकामा काहून आला

अमरावती, ता. १४ सप्टेंबर १९६४

चि. खुशाल यास अनेक आशीर्वाद.

डबा पोचला. रिकामा! माझ्या लग्नापासून हा पितळी डबा अमरावती-अकोला करून राहिला. इकडून लाडू, तिकडून तुझी तूरडाळ. कोणाचा डबा नुसता परत धाडू नये, हे तुला मीच शिकवलं ना?

डबा आणणारे पुंजाजीमामा म्हणाले की तुझं यकृत सुजलं आहे, आणि ते कशानं सुजतं हे साऱ्या जुन्या शहराला ठाऊक आहे. आपल्या बापानं कधी सुपारी खाल्ली नाही, आणि तू दारू पितोस? तुझी बायको असून पार्वता गप्प काहून बसली? खरं काय ते लिही. अशक्तपणा येईल, म्हणून पुढच्या आठवड्यात डिंकाचे लाडू धाडते.

लोभ आहे, पण सध्या रागाखाली दबला आहे.
गोदाअक्का

अकोला, ता. २० सप्टेंबर १९६४

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

प्यालो असतो तर निदान बदनामीचं चीज झालं असतं. डॉक्टरांनीही आधी दारूचंच विचारलं. पार्वतानं शपथ घेतली, तेव्हा नागपूरला धाडलं. तिथे सुई खुपसून यकृताचा कण काढून पाहिला. निघाली चरबी. ते म्हणाले, चरबी नुसती बसून राहिली असती तर एक वेळ चाललं असतं. पण तिच्यापायी यकृताला सूज आली आहे. ती अशीच राहिली तर आत वण पडत जातात, यकृत दगडासारखं होतं, मग इलाज नाही. आज ती सूज उतरू शकते. मी औषध मागितलं, तर म्हणाले औषध नाही. तूप-साखर बंद, वजन उतरवा, पायी हिंडा. एवढं टोचून घेऊन हाती काय आलं, तर कोरडी भाकर!

अशक्तपणा कुठला, अक्का? मी चढलो की टांगेवाला आधी घोड्याकडे पाहतो. डबा भरून धाडला असता तर तू तो लाडवांनी भरला असतास, आणि तुझे लाडू समोर असले की मी माझा राहत नाही. लेक शालू अजून सहावीत आहे. तिच्या लग्नात मले उभं राहायचं आहे.

लोभ असू द्यावा, बिनतुपाचा.
खुशाल

अमरावती, ता. २ ऑक्टोबर १९६४

चि. खुशाल यास आशीर्वाद.

तुझं पत्र पुंजाजीमामांना वाचून दाखवलं. म्हणाले, दारू असती तर सोडवता आली असती, गोदीचे लाडू कोण सोडवणार? त्यांना चहा दिला नाही.

डबा आता माझ्याकडेच राहील. त्यात मीठ भरलं आहे. भाऊबीजेला येते. पार्वताला सांग, ताटात ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी. ओवाळल्यावर भावाचं तोंड गोड करावं लागतं, म्हणून लाडू एकच आणीन. तुझ्या ओठाला लावीन आणि तुझ्यादेखत मी खाईन. तोंड वाकडं करायचं नाही.

स्टेशनावर घ्यायला येशील तो पायी ये. घोड्यालाही सण आहे.

लोभाला पथ्य नाही, तो पोटभर घे.
तुझी
गोदाअक्का