आधी पाणी, मग वेबसाइट

एल्मिना,
रविवार, चर्चमधल्या मिस्सेनंतर

प्रिय पर्पेचुआ हिला फिलोमिनाचे अनेक आशीर्वाद (थोडी का होईना, तू माझ्याहून लहान आहेस, तेव्हा आशीर्वादच घे). तिकडे तमालेत धूळ छातीला सोसते ना? गुडघे काय म्हणतात? माझे जिथे होते तिथेच आहेत, एवढंच म्हणवतं.

आईच्या घरातल्या चार खोल्या मी पाहुण्यांना भाड्याने देते, ते तू पाहिलंच आहेस. हल्ली पाहुणे फोनमध्ये शोधून येतात आणि फोनमध्ये आम्ही नाही, म्हणून खोल्या रिकाम्या. एबोने (धाकटा भाऊ, पण पुरुष म्हणून कुळाचा प्रमुख तोच; देवाने हा न्याय कुठल्या तंद्रीत केला कोण जाणे) सांगून टाकलं आहे की नाताळपर्यंत खोल्या भरल्या नाहीत, तर घर दुसऱ्याला देणार आणि मी मागच्या स्वयंपाकघरात राहायचं. ज्या बाईने जन्मभर प्रसूतीचा वॉर्ड चालवला तिने चुलीशेजारी झोपायचं. म्हणून वेबसाइट.

त्यासाठी हो नावाच्या गावाहून झिफा नावाची बाई बोलावली. मला वाटलं, संध्याकाळपर्यंत होईल. पण तिने कॉम्प्युटर पिशवीतून काढलासुद्धा नाही. आधी आराखडा, म्हणाली, आणि आईच्या फोटोशेजारी भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवत सुटली. तुम्ही कोण? घर कोणासाठी? (आपल्या शाळेत शिवणाच्या तासाला सिस्टर बेनेडिक्टा आधी कागद कापायला लावायची हे खरं, पण निदान कापड समोर असायचं.) बैठकीमागून बैठका झाल्या, माझे केंकीचे मक्याचे उंडे आणि तळलेली मासळी संपत गेली, वेबसाइटची वीटसुद्धा रचली गेली नाही. एबो प्रत्येक बैठकीला येई, खाई, आणि मी तोंड उघडलं की म्हणे, "ताई, तू थांब. मी सांगतो."

मग झिफाने विचारलं, पाहुणा वेबसाइटवर आला की त्याने पहिलं काय करायचं? मी म्हटलं, बसायचं. मग? पाणी प्यायचं. मग? मग त्याला विचारायचं, कशासाठी आलात. झिफा म्हणाली, "आँटी, लोकांना आधी भाडं बघायचं असतं." मी म्हटलं, "तुमच्या हो गावात तहानलेल्या माणसाला आधी भाडं सांगतात का गं?" तिने नवी चिठ्ठी काढली. तिच्या आईकडेही पाणीच आधी देतात, हे तिला आठवलं असावं. तर पहिल्या पानावर पाण्याचा पेला, दुसऱ्यावर 'आपलं येणं कशासाठी?', आणि ते सांगितल्याशिवाय पुढे खोल्या दिसणार नाहीत, असं ठरलं.

आता बांधायला घे, म्हटलं. तर नाही. आधी कागदावर बांधून, कोणा परक्याला त्यातून चालवून बघायचं. मी थकून खुर्चीत बसले. तेवढ्यात फाटकात एक उंच गृहस्थ दिसले, कोणी मिस्टर ओफोसुहेने, आक्राचे. झिफाने त्यांना हाताला धरून आत आणलं, बसवलं आणि पहिलं पान समोर धरलं. (पाणी मी खरंच दिलं. कागदावरचं पाणी पाहुण्याला दाखवण्याइतकी मी अजून सुधारलेली नाही.) मग दुसरं पान. आपलं येणं कशासाठी?

माणूस चांगल्या घरचा. पाणी पोटात गेल्यावर खोटं बोलणं त्याला जमेना. रीतीप्रमाणे म्हणाला, "इथे सगळं शांत आहे, मी वाईट बातमी आणलेली नाही. फुटबॉलवर पैसे लावायचं दुकान काढतोय, त्यासाठी भिंती मोजायला आलो. एबोसाहेबांनी शब्द दिलाय. त्यांची ताई नाताळआधीच मागे राहायला जाणार आहे म्हणे."

झिफाच्या हातातलं पान तसंच राहिलं. एबो मासळीतला काटा शोधत होता, जो मी आधीच काढलेला होता. मी पाहुण्यांना दुसरा पेला दिला, फाटकापर्यंत पोचवलं आणि परत येऊन म्हटलं, "एबो, शनिवारी कुळाची बैठक बोलाव."

तुझी,
फिलोमिना

ता. क. — झिफा म्हणते, आता बांधायला घेऊ. मी तिला सांगितलं, घाई कसली, आणखी दोघातिघांना कागदावरून चालव.

ता. ता. क. — शनिवारी तू ये. समोरची खोली झाडून ठेवली आहे. लग्नाला तू नाही म्हणालीस त्याला इतकी वर्षं झाली, तरी तुझं नाव निघालं की एबो अजून सदऱ्याची गुंडी लावतो. बैठकीत मला तो दुसऱ्या वाक्याला तोडेल. पण तू पाहुणी. तुला पाणी द्यावं लागेल, कशासाठी आलीस ते सगळ्यांसमोर त्यालाच विचारावं लागेल, आणि तुझं सांगून संपेपर्यंत मध्ये बोलता येणार नाही. काय सांगायचं ते वर लिहिलंच आहे. सावकाश सांग.