मामाला पाठवलंत ते

तीर्थरूप बाबांना नमस्कार,

मी खुशाल आहे, हे मामाने सांगितलंच असेल. त्यासाठीच तर तुम्ही त्याला पाठवलंत.

"सहज इकडे आलो होतो," म्हणाला. रात्रभर प्रवास करून सहज कोण येतं? मी एका शाळेत वर्गांचे फोटो काढायला गेले होते. परत आले तर हा स्टुडिओत बसून आमच्या मालकीणबाईंना विचारतोय, "हिला काम खरंच जमतं, की दयेपोटी ठेवलीय?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाई शांतपणे म्हणाल्या, "आली बघा ती. तिलाच विचारा की."

मला विचारावं हे तुम्हा दोघांनाही सुचलंच नव्हतं. मग मामाने खिशातून परतीची दोन तिकिटं काढली. दुसरं माझं. बाबा, मी काय कुठे विसरलेली छत्री आहे, कुणीतरी जाऊन घेऊन यायला?

मी त्याला पोटभर जेवू घातलं आणि एकट्यालाच गाडीत बसवून दिलं. त्याच्यावर रागावू नका. तो बिचारा दोघांच्या मध्ये सापडला.

आईचा गुडघा कसा आहे? फोनवर "बरा आहे" एवढंच म्हणते. धाकटीचा अभ्यास होतोय ना?

आणि हो, काही आठवडे कामच येत नाही. तेव्हा मला भीती वाटते. तुम्ही विचारलं असतं, तर हेही सांगितलं असतं. यापुढे जे विचारायचं ते मलाच विचारा. मी खोटं सांगणार नाही, आणि कॅमेरा टाकून परतही येणार नाही.

तुमचीच, अजून चिडलेली,
थोरली