एवाल्डची बोली

आईस, बर्लिनहून तुझ्या लिझबेटचा गोड पापा.

रात्रभर झोपले नाही गं. बाळाला दात येतायत, सारखा रडतो. बाकी सगळं बरं आहे. तुझे डोळे कसे आहेत?

एवाल्डला तू मुक्या सिनेमात राजा झालेला पाहिलंस ना? आता सिनेमे बोलायला लागलेत. परवा स्टुडिओत त्याचा आवाज तपासला. अंगावर राजाचा झगा, आणि तोंडातून आपली सॅक्सनीची गावठी बोली! सगळे खो खो हसले. दिग्दर्शक म्हणाला, "महाराज, बटाटे कसे दिले?"

तेव्हापासून तो घरातही गप्पच. मी म्हटलं, "अरे, पोराशी तरी बोल." तर म्हणाला, "माझी बोली त्याला लागायला नको." बस, एवढंच.

पण सूप आवडीनं खातो हो. तू काळजी करू नकोस.

तुझीच, लिझबेट

हे जे कुणी वाचून दाखवतंय, त्यांनी इथून पुढचं मनातच वाचावं. एवाल्ड काल सकाळी लग्नाची अंगठी टेबलावर काढून ठेवून गेला, अजून आला नाही. मला फार भीती वाटतेय. लहानपणापासून तो फक्त माझ्या भावाचं, गॉटहोल्डचं ऐकतो. भाऊ काम करतो त्या लाकडाच्या वखारीचा नंबर माझ्याकडे नाही. तुमच्या पाया पडते, पोस्टातून गॉटहोल्डला फोन करा.