हलीमाबीच्या वाटणीचं पाणी

चंद्रप्पा, लेकरा, आईचा हात डोक्यावर हाय समज.

डोळ्यांचं आपरेशन झालं, उद्या पट्टी सुटंल. दिसंल म्हणतेत.

नवा जिल्हा झाला तरी लातूरच्या ह्या दवाखान्याचा नळ कोरडाच. काल लिंगपूजेला पाणी न्हाई, अन् पूजेबिगर मी गोळी घेईना. शेजारच्या खाटेवरच्या हलीमाबीनं नमाजाआधी हातपाय धुवायचं आपलं पाणी मला दिलं. म्हणाली, "आमच्यात अडचणीला स्वच्छ मातीबी चालते. तुमच्या देवाला?"

म्हटलं, "माझा लई हट्टी हाय."

"देव का तुम्ही?" हे पत्र लिहिणारी किरिस्ताव नर्स सुवार्ता बोलली, अन् तिनंच माझ्या तळहातावरच्या लिंगावर पाणी घातलं. मग गोळी गिळली.

नातवंडांना प्यायला पाणी मिळतंय ना?

पट्टी सुटली की पहिलं हलीमाबीचं तोंड बघीन. रुसू नको, तुझं जन्मापासून बघितलंय.

तुझी आई, नीलाबाई