रिकाम्या ड्रमचं वजन

सोमवार
आज रंगाच्या कारखान्यात रुजू झाले. खोली हवेशीर, खुर्ची मोडकी, काम झकास. मिक्सर ड्रमच्या मोटरला वेग सांभाळणारा नवा इन्व्हर्टर जोडलाय. मोटर न उघडता तो तिला विजेचे छोटे धक्के देतो आणि परत येणाऱ्या करंटवरून तिच्या पोटातलं सगळं ताडतो, सासू नव्या सुनेला जोखते तसा. स्थिर चाचणीत मोटर हलत नाही. फिरत्या चाचणीत तिला किती वजन ओढावं लागतं तेही कळतं. चाचणी चालते तोवर हात रिकामे, म्हणून ही वही सोबत.

धाकटा भाऊ इथेच आहे. ड्रममध्ये उतरून वाळलेला रंग खरवडतो. म्हणाला, घरी तुझंच राज्य, आता इथेही! आई गेल्यापासून मीच त्याला वाढवलंय, ऐकून घेईल मुकाट.

मंगळवार
इथली रीत ऐकून अंगावर काटा आला. वेळ वाचवायला स्थिर चाचणी चालू असतानाच माणूस आत खरवडत असतो. माझ्या आधीच्या इंजिनियरने चुकून फिरती चाचणी निवडली. आत एक म्हातारा होता. इथल्या जुन्या मिस्त्रींनी हे चहा पिता पिता सांगितलं. भावाला मी आत उतरायला साफ मनाई केली.

बुधवार
फिरती चाचणी घेतली. ड्रम रिकामा, मी स्वतः वाकून पाहिलं. तरी वजन एका माणसाएवढं जास्त. पुन्हा घेतली, पुन्हा तेवढंच. मिस्त्री म्हणाले, बाई, तो आकडा तसाच राहू द्या, आम्ही त्याच्या वाटेला जात नाही.

गुरुवार
मोटर आणि ड्रममधला पट्टाच काढून टाकला. नुसती मोटर फिरवली.
तरी एक माणूस जास्त.

शुक्रवार
साहेबांना घाई. पट्टा नाही तर ड्रम फिरेल कसा, असं भाऊ म्हणाला. मलाही पटलं. माझं डोकं कुठे होतं!

तो उतरला. मी स्थिर चाचणी निवडली, परत तपासली. इन्व्हर्टरच्या पडद्यावर आपोआप ‘फिरती’ आलं. पट्टा माझ्या मांडीवर होता आणि ड्रम फिरला —

फ्यूज उपटले. आत कोणी नाही. रक्तसुद्धा नाही. पडद्यावर दोन माणसांचं वजन.

शनिवार
मिस्त्री म्हणतात, आत जाऊ नका. पण खरवडल्याचा आवाज येतोय. ‘ताई’ अशी हाकही आली. माझाच भाऊ तो, आवाज ओळखते मी —

फ्यूज खिशात आहेत. ड्रममध्ये बसून लिहितेय. त्याला घेतल्याशिवाय मी —

ड्रमच्या तोंडातून इन्व्हर्टरचा पडदा दिसतो. उजळलाय. फ्यूज तर माझ्या — आकडा दोन माणसांचा होता. चढतोय, आता