मोकळ्या रानातून जांदीराला

३१ ऑगस्ट, शनिवार
काल रात्री माझं आयुष्य बदललं. कोर्टाच्या हुकुमाने सगळ्यांची गप्पांची साइट देशभर बंद झाली. अख्खं रेसिफे शहर बोंबलतंय, पण माझं दुःख वेगळं. जूनमध्ये सणाला पेटवलेल्या जाळापाशी जांदीराशी भांडलो, रागात तिचा नंबर उडवला, तिलाही माझा उडवायला लावला. मग उरली होती ती साइटच. तिथे परवा कुठे पुन्हा बोलणं सुरू झालं होतं. तिचा शेवटचा निरोप: "शिकायला दूर दक्षिणेत फ्लोरियानोपोलिसला जाऊ की नको, ठरत नाही. आधी तुझ्याशी बोलायचंय. ही साइट बंद होणार म्हणतात; मी 'भरती'वर चाललेय, तिथे ये."
येतो! आजच.

१ सप्टेंबर, सकाळ
'भरती' ज्या नव्या जाळ्यावर आहे, तिथे एक मालक नाही. हजारो सर्व्हर, म्हणजे हजारो घरं. एका घरातून दुसऱ्या घरात हाक मारता येते. 'भरती' हे समुद्रविज्ञानवाल्यांचं घर. आत गेल्याशिवाय काही दिसत नाही आणि आत जायला अर्ज! "तुम्हाला इथे का यायचंय?" वर अट: सभ्य बोला.
मी अर्ज करू? हजेरीपुढे मान झुकवली नाही म्हणून तर कॉलेज अर्ध्यात सोडलं.
'मोकळं रान' नावाचा सर्व्हर सापडला. नियम नाहीत, अर्ज नाही. अकाउंट झालंसुद्धा. हाक कुठूनही पोचते, मग घर कुठलं का असेना.

४ सप्टेंबर
तिला निरोप धाडले. उत्तर नाही. लाजत असेल.
रानातल्या एका शेजाऱ्याने सकाळी सकाळी आईवरून शिवी दिली. मीही दिली. मोकळेपणा आहे.

९ सप्टेंबर
रानातून बघतो तर तिच्या नावाखाली एकही पोस्ट नाही. माझ्यासाठी अबोल झालीय बिचारी. आता आपणही गप्प. बघू कोण आधी वितळतं.
संध्याकाळी: निरोप पाठवले. थोडेच.
आई म्हणाली, "अरे, चार गल्ल्या सोडून राहते ती पोरगी. पाय मोडलेत का तुझे?" तिला कसं सांगू? बोलावणं 'भरती'वरचं आहे. दारात जाऊन ताटकळणारा मी नव्हे.

१७ सप्टेंबर
धाकटी रोझिल्दा माझ्या फोनमध्ये डोकावली आणि कॉफी नाकातून येईस्तोवर हसली. "दादा, 'भरती'ने तुझं अख्खं रान वाळीत टाकलंय! शिवीगाळीपायी. बाहेर यादी लावलीय, वाच की. तिकडचं इकडे येत नाही, इकडचं तिकडे जात नाही. एवढे दिवस भिंतीवर प्रेम करत होतास!"
कप आपटला. कान तुटला. कपाचा.
अर्ज केला. 'का यायचंय'च्या चौकटीत सगळं लिहायला गेलो, जागा संपली. खोडलं. लिहिलं: "एका माणसाशी बोलायचंय." स्वयंसेवक वाचून कळवतील म्हणे.

१९ सप्टेंबर
कळवत नाहीत. खरमरीत लिहिलं: समुद्र आटायची वाट बघताय का? उत्तर लगेच आलं: "सौम्य शब्दांत पुन्हा अर्ज करावा."
केला. सौम्य.
आई: "आज तरी जाऊन ये." उद्या प्रवेश मिळेल, मग रुबाबात जाईन.

२२ सप्टेंबर, रविवार
मिळाला.
सगळं वाचून काढलं. ती रोज लिहीत होती. पहिल्याच आठवड्यात: "माझा एक तापट मित्र कुठल्या सर्व्हरवर उतरलाय, कुणी सांगेल का?" मग: "गिल्वान, आलास का रे?" मग: "त्याच्या घरी गेले असते, पण जूनमध्ये त्यानेच बजावलंय, दारात पाऊल ठेवू नकोस." मग: "यायचंच नसेल त्याला. मी जातेय."
काल विमानतळाचा फोटो. अंगात कुणाचं तरी जाड स्वेटर. "पोचले. इथे फार थंडी आहे."
मी बजावलं होतं. आठवतंय. रागात होतो.
उत्तर काय लिहू? "आलो" लिहिलं, खोडलं. नव्या माणसाने आधी स्वतःची ओळख द्यायची असते म्हणे. दिली. एकच प्रतिसाद आला, खेकड्यांचा अभ्यास करणाऱ्या एका गृहस्थांचा: "स्वागत! निवांत बसा, इथे कुणाला घाई नसते."
आई स्वयंपाकघरातून विचारतेय, "बोलली का रे ती?"
फोन टेबलावर राहू दे. हे लिहून उठतो, चार गल्ल्यांपलीकडे तिच्या घरच्यांकडे तिचा नंबर मागायला बाहेर पडतो, दार ओढून घेतो.