ब्रेकवरचा पाय

३ फेब्रुवारी
शाळेच्या फाटकाशी व्हॅनमधून उतरले आणि मागून कुणी टाचेवर काठी हाणल्यासारखं झालं. वळून पाहिलं — कुणीच नाही. कशीबशी मुलांना घरोघर सोडून आले. घरी सांगितलं, पाय मुरगळला.

११ फेब्रुवारी
सूज आहे. चवड्यावर उभं राहताच येत नाही. सासूबाई म्हणतात, डॉक्टरांना दाखव. दाखवलं की गाडी बंद! ह्यांच्या सुतारकामाला गिऱ्हाईक नाही, घर व्हॅनवर चालतंय. पट्टी घट्ट बांधते आणि जाते.

२ मार्च
उतारावर एक सायकलवाला आडवा आला. ब्रेकवर पाय ठेवला — पाय होता, जोर नव्हता. हँडब्रेक ओढला. गाडी कठड्याला घासत थांबली. कुणाला खरचटलंही नाही. मागची मुलं हसली, त्यांना गंमत वाटली. पुढे बसणारी छोटी मात्र हसली नाही. माझ्याकडे नुसती बघत राहिली.
ह्यांना सगळं सांगितलं. रागावले असते तर बरं वाटलं असतं. उठून दवाखान्यात फोन लावला.

४ मार्च
टाचेमागची शीर पार तुटलीय. डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. ताजी असती तर नुसतं प्लास्टर किंवा साधी शिवण. आता टोकं आखडून लांब गेलीत, म्हणून पायाच्या अंगठ्याची शीर घेऊन तिथे जोडायची, हाडात स्क्रू बसवायचा. म्हणजे ऑपरेशन लांबणार, भूल जास्त वेळ, दवाखान्यात मुक्काम जास्त, पुढे कित्येक महिने व्यायामवाल्या बाई. एकातून एक खर्च फुटत गेला. ह्यांनी विचारलं, काही कमी करता येईल का?
डॉक्टर म्हणाले, "महिन्यापूर्वी आला असतात तर झालं असतं."
ह्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मुद्दामच.

९ मार्च
ह्यांनी रंधा मारायचं मोठं मशीन विकलं. टेम्पोत चढवताना स्वतःच हात लावला. घरात येऊन म्हणाले, "तू चालायला लागलीस की घर चालेल."

१२ मार्च
उद्या! कमरेत सुई टोचून अर्धं अंग बधिर करणार. ते परत आलंच नाही तर? सासूबाईंना जेवण गेलं नाही. मलाही.

१४ मार्च
पायाची बोटं हलली. रडले.

२ जून
भाऊजी, माझे धाकटे दीर, आपलं काम सोडून व्हॅन चालवतायत. एकदाही कुरकुर नाही. व्यायामवाल्या बाई खूश आहेत. आज दोन्ही चवड्यांवर उभी राहिले. सगळे टाळ्या वाजवत होते. मी भिंत धरून होते.

३० ऑगस्ट
डॉक्टर म्हणाले, पाय पक्का, आता खुशाल गाडी चालवा. परत येताना ह्यांनी पेढे घेतले. भाऊजींनी किल्ली माझ्या हातात दिली, सोमवारी ते कामावर परत जाणार.
उतारावरचं त्या छोटीचं बघणं अजून डोळ्यांसमोरून जात नाही; मी पुन्हा गाडीत मुलं बसवणार नाही. घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही.